युद्धोत्तर ब्रिटनमधील तरुण, त्यांचा पोशाख व त्यांचें संगीत

मुलाचे केंस कानांवर आले कीं वडिलांच्या कपाळाला आठ्या पडतात, मुलीनें नव्या तऱ्हेचा पोशाख केला कीं आजीबाई म्हणतात, "आमच्या वेळीं असलें कांहीं नव्हतें." उलटपक्षीं मुलांस वाटतें कीं वडील माणसांस आपलें मन कधीं कळावयाचेंच नाहीं. ही तक्रार सर्व देशांत व सर्व काळीं चालत आलेली आहे. परंतु दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्यें ती इतकी विकोपास गेली कीं तरुणांचे कोट, त्यांचे केंस व त्यांचीं गाणीं हे विषय वृत्तपत्रांतून न्यायासनापर्यंत आणि न्यायासनापासून पार्लमेंटापर्यंत जाऊन पोहोंचले. त्या काळाची हकीकत मनोरंजक तर आहेच. पण तीपासून मुलांनीं व आईबापांनीं, दोघांनींहि, घेण्यासारखा एक बोध आहे. म्हणून ती येथें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम युद्धकाळांतील टंचाई ध्यानांत घेतली पाहिजे. ब्रिटिश सरकारनें १ जून १९४१ पासून कपड्यांवर नियंत्रण घातलें. पहिल्या वर्षीं माणशीं ६६ कूपनें मिळालीं आणि कोट, विजार, पायमोजे, बूट हें सर्व त्यांतच भागवावें लागे. पुढल्या वर्षीं तर पुरुषांच्या विजारींस खालीं दुमड घालण्याचीहि मनाई झाली. खिसे किती असावेत व गुंड्या किती असाव्यात, हेंसुद्धां सरकार ठरवूं लागलें. युद्ध १९४५ सालीं संपलें, पण टंचाई संपली नाहीं. कपड्यांवरील नियंत्रण १५ मार्च १९४९ रोजीं उठलें; मुलांच्या जिव्हाळ्याच्या मिठाईवरील नियंत्रण फेब्रुवारी १९५३ मध्यें गेलें; आणि मांसावरील शेवटचें नियंत्रण ४ जुलै १९५४ रोजीं दूर झालें. युद्धाच्या आरंभीं पाळण्यांत असलेलें मूल पंधरा वर्षांचें झालें तरी भरलेलें दुकान म्हणजे काय, हें त्यास नीटसें ठाऊक नव्हतें.

आतां याच मुलाची पुढील स्थिति पहा. १९४७ सालीं शाळा सोडण्याचें किमान वय पंधरा ठरविण्यांत आलें होतें. त्या वयांत मजूरवर्गांतील बहुतेक मुलें शाळा सोडीत व कारखान्यांत, गोदींत किंवा दुकानांत नोकरीस लागत. देशाची पुनर्बांधणी चालू असल्यामुळें काम भरपूर होतें. आठवड्याच्या पगारांतून कांहीं रक्कम आईच्या हातीं दिली कीं उरलेला पैसा स्वतःचा. अठराव्या वर्षीं मुलग्यांस सक्तीच्या लष्करी नोकरीचें बोलावणें येई व १९५० नंतर ती दोन वर्षांची असे. म्हणजे शाळेची शिस्त सुटली व लष्कराची अद्याप सुरू व्हावयाची आहे, अशीं दोन-तीन वर्षें खिशांत पैसे घेऊन हीं मुलें मोकळीं असत. मार्क एब्रम्स या संशोधकानें १९५९ सालीं एक पाहणी प्रसिद्ध केली. तींत त्यानें दाखविलें कीं १९३८ च्या मानानें अविवाहित तरुणांची खरी मिळकत सुमारें निम्म्यानें वाढली असून मनास येईल तसा खर्च करण्याची त्यांची ऐपत दुप्पट झाली आहे. पूर्वी माणूस एक तर मूल असे, नाहीं तर प्रौढ. आतां या दोहोंमध्यें एक नवी अवस्था उत्पन्न झाली, आणि तिच्यासाठीं 'टीनएजर' हा शब्द अमेरिकेंतून येऊन रूढ झाला.

या नव्या वर्गानें आपला पहिला पैसा कशावर खर्च केला? कोटावर. युद्ध संपल्यावर लंडनमधील सॅव्हिल रो या प्रसिद्ध गल्लींतील उंची शिंप्यांनीं श्रीमंत तरुणांसाठीं व लष्करी अधिकाऱ्यांसाठीं सातव्या एडवर्ड राजाच्या वेळच्या धर्तीचा लांब कोट काढला होता. थोड्याच वर्षांत दक्षिण लंडनमधील मजुरांच्या मुलांनीं तो उचलला व आपल्या मनाप्रमाणें बदलला. गुडघ्याकडे झुकणारा सैल कोट, त्यास मखमलीची कॉलर, नळीसारखी अरुंद विजार, बुटाच्या नाडीएवढा बारीक टाय, जाड रबरी तळाचे बूट, आणि तेल चोपडून कपाळावर तुऱ्यासारखे व मागें बदकाच्या शेपटीसारखे वळविलेले केंस, असा त्यांचा थाट असे. असा कोट स्वस्त नसे. पुष्कळ मुलें तो शिंप्याकडून हप्त्यानें शिवून घेत. १९५३ सालीं 'डेली एक्स्प्रेस' पत्रानें एडवर्ड या नांवाचें लाडकें रूप घेऊन त्यांना 'टेडी' म्हटलें व तेंच नांव त्यांना चिकटलें. मौज अशी कीं मजुरांचीं मुलें हा कोट घालूं लागतांच श्रीमंतांनीं तो टाकून दिला. कोट तोच, पण अंगावर घालणारा बदलला म्हणून त्याची किंमत बदलली!

त्यानंतर भयास आरंभ झाला. जुलै १९५३ मध्यें लंडनच्या क्लॅपहॅम कॉमन या मैदानाजवळ तरुणांच्या एका टोळीनें सतरा वर्षांच्या एका मुलाचा खून केला. गुन्हा भयंकर होता यांत शंका नाहीं. परंतु वृत्तपत्रांनीं त्या टोळीच्या पोशाखावरच इतका भर दिला कीं लांब कोट म्हणजे गुंड, असें समीकरण लोकांच्या मनांत पक्कें झालें. कांहीं नृत्यगृहांच्या दारांवर त्या पोशाखांतील मुलांस प्रवेश नसल्याच्या पाट्या लागल्या. पुढें १९५६ मध्यें बिल हेली या अमेरिकन गायकाचा 'रॉक अराउंड द क्लॉक' हा बोलपट आला. तो पाहतांना मुलें खुर्च्यांमधील वाटेंत नाचूं लागलीं आणि कोठें कोठें खुर्च्यांच्या गाद्या फाडण्यापर्यंत मजल गेली. तेव्हां अनेक शहरांच्या अधिकाऱ्यांनीं त्या बोलपटास बंदी केली. पुष्कळ वडील माणसांस वाटलें कीं या संगीतांतच विष आहे.

परंतु त्याच वर्षीं त्याच वयाचीं हजारों मुलें दुसरेंहि कांहीं करीत होतीं, तिकडे फारसें कोणाचें लक्ष नव्हतें. लॉनी डॉनेगन या गायकाची 'रॉक आयलंड लाइन' ही तबकडी १९५६ च्या आरंभीं अतिशय लोकप्रिय झाली. तें गाणें मूळचें अमेरिकेंतील कृष्णवर्णीय लोकांचें. या 'स्किफल' नांवाच्या संगीताचा मोठा गुण असा कीं त्याला महाग वाद्यें लागत नसत. एक स्वस्त गिटार असली म्हणजे पुरे. कपडे घासण्याच्या खांचांच्या फळीवर बोटांत अंगुस्तान घालून ताल धरावा आणि चहाच्या रिकाम्या खोक्याला एक काठी व दोरी जोडून तिच्यांतून खर्ज काढावा. ज्या मुलांस संगीतशिक्षकाची फी देण्याची ऐपत नव्हती, तीं स्वयंपाकघरांतील वस्तू घेऊन वादक बनलीं. गांवोगांवीं, शाळाशाळांतून असे ताफे निघाले.

त्यांपैकीं एक ताफा लिव्हरपूल येथील क्वॉरी बँक या शाळेंतील मुलांचा होता. ६ जुलै १९५७ रोजीं वुल्टन भागांतील सेंट पीटर्स चर्चच्या आवारांत वार्षिक आनंदमेळा भरला होता. तेथें या मुलांस गाण्याची संधि मिळाली. ताफ्याचा पुढारी जॉन लेनन सोळा वर्षांचा होता. केंस टेडी तऱ्हेचे, आणि शाळेंत व्रात्य म्हणून ख्याति. त्या दिवशीं एका मित्रानें पॉल मॅकार्टनी या पंधरा वर्षांच्या मुलाशीं त्याची ओळख करून दिली. त्या ओळखींतून पुढें 'बीटल्स' हा ताफा निर्माण झाला व त्याचीं गाणीं सर्व जगभर गेलीं. त्या मेळ्याच्या व्यवस्थापकांनीं केंस पाहून मुलांना दारांतूनच परत पाठविलें असतें तर काय झालें असतें, याचा विचार वाचकांनींच करावा. याच बीटल्सना १९६५ सालीं राणी एलिझाबेथ यांच्याकडून सन्मानपदक मिळालें. तेव्हां असलेंच पदक पूर्वी मिळविलेल्या कांहीं गृहस्थांनीं रागावून आपलें पदक परत केलें.

आतां या हकीकतींतील काळी बाजू सांगितली पाहिजे. ती झांकणें म्हणजे सत्याशीं प्रतारणा होईल. २२ जून १९४८ रोजीं 'एम्पायर विंडरश' ही बोट टिल्बरी बंदरांत वेस्ट इंडीजमधील शेंकडों उतारूंना घेऊन आली. त्यानंतर तेथून पुष्कळ लोक ब्रिटनमध्यें कामासाठीं येत राहिले. रेल्वे, बसगाड्या, रुग्णालयें यांत त्यांच्या श्रमांची गरज होती. पण भाड्याची खोली मागावयास गेलें म्हणजे काळ्या माणसांस जागा नाहीं, असें उत्तर मिळे. ऑगस्ट १९५८ मध्यें आधीं नॉटिंगहॅम शहरांत व मग लंडनच्या नॉटिंग हिल भागांत दंगे झाले. लंडनमध्यें गोऱ्या तरुणांच्या टोळ्या लोखंडी कांबी व सुरे घेऊन कृष्णवर्णीय शेजाऱ्यांच्या मागें लागल्या, त्यांच्या घरांच्या कांचा फोडूं लागल्या. त्या टोळ्यांत टेडी पोशाखांतील मुलें पुष्कळ होतीं, आणि त्यांच्या मागें उभें राहून त्यांस चिथावणारीं प्रौढ माणसेंहि होतीं. सप्टेंबरमध्यें न्यायमूर्ति सामन यांनीं नऊ तरुणांस प्रत्येकीं चार वर्षांची शिक्षा दिली. कातडीचा रंग कोणताहि असो, रस्त्यानें निर्भयपणें व ताठ मानेनें चालण्याचा हक्क प्रत्येकास आहे, अशा आशयाचें त्यांचें भाषण त्या वेळीं फार गाजलें. तरी पुढल्याच मे महिन्यांत केल्सो कॉक्रेन नांवाच्या अँटिग्वा बेटांतून आलेल्या सुताराचा त्याच भागांत खून झाला व त्याबद्दल कोणासहि शिक्षा झाली नाहीं.

येथें क्षणभर थांबून विचार करावा. ज्या मुलास कोटावरून लोक गुंड ठरवीत होते व ज्याला त्याचा राग येत होता, तोच मुलगा शेजाऱ्याला कातडीवरून शत्रू ठरवूं लागला. शिवाय ज्या संगीतावर तो नाचत होता त्याचें मूळ कृष्णवर्णीय लोकांच्याच गळ्यांत व हातांत होतें! त्यांचें गाणें हवें, पण तीं माणसें शेजारीं नकोत. आणि वडील पिढीचें काय? मखमली कॉलरीबद्दल तिनें पांच वर्षें आरडाओरड केली. पण भाड्याच्या खोल्या नाकारणारे मात्र प्रतिष्ठित गृहस्थच होते. दोघांचाहि दोष एकच. दोघांनींहि वरवरचें पाहिलें.

दंग्यांनंतर क्लॉडिया जोन्स या मूळच्या त्रिनिदादच्या बाईंनीं पुढाकार घेतला. त्या 'वेस्ट इंडियन गॅझेट' हें पत्र चालवीत. ३० जानेवारी १९५९ रोजीं त्यांनीं लंडनच्या सेंट पँक्रस नगरभवनांत वेस्ट इंडीजच्या नृत्यगीतांचा उत्सव भरविला. दगडांना त्यांनीं गाण्यानें उत्तर दिलें. पुढें १९६६ पासून नॉटिंग हिलच्या त्याच रस्त्यांतून दुसऱ्या कार्यकर्त्यांच्या पुढाकारानें मोठा उत्सव सुरू झाला.

सक्तीच्या लष्करी नोकरीचीं बोलावणीं १९६० मध्यें बंद झालीं व तरुणांच्या हातीं आणखी मोकळा काळ आला. आतां दोन नवे पंथ पुढें आले. 'मॉड' हे नीटनेटके. इटालियन बेताचे कपडे घालणारे, व्हेस्पा किंवा लँब्रेटा स्कूटरवर फिरणारे, अमेरिकेंतील व जमेकांतील कृष्णवर्णीय गायकांच्या तबकड्या जमविणारे. 'रॉकर' हे चामड्याचे जाकीट घालून जड मोटारसायकली पळविणारे. १९६४ च्या ईस्टरच्या सुट्टींत क्लॅक्टन या समुद्रकांठच्या गांवीं कडाक्याची थंडी व पाऊस होता. कंटाळलेल्या तरुणांत मारामाऱ्या झाल्या, कांहीं कांचा फुटल्या. दुसऱ्या दिवशींचीं वृत्तपत्रें वाचून वाटावें कीं गांव शत्रूनें लुटलें. मे महिन्याच्या सुट्टींत मार्गेट व ब्रायटन येथें पुन्हा झटापटी झाल्या, आणि पार्लमेंटनें त्याच वर्षीं नासधुशीसंबंधीं कडक कायदा केला. स्टॅन्ली कोहेन या समाजशास्त्रज्ञानें या प्रकरणाचा बारकाईनें अभ्यास करून १९७२ सालीं ग्रंथ लिहिला. क्लॅक्टनमधील नुकसान सुमारें ५०० पौंडांचें होतें, असें त्यानें दाखविलें. त्याचें म्हणणें असें कीं मॉड व रॉकर या दोन फौजा आरंभीं स्पष्ट नव्हत्याच. वृत्तपत्रांनीं नांवें ठळक छापल्यावर पुढील सुट्टीस मुलें त्या नांवांना जागावयास गेलीं. ज्याला रोज चोर म्हणावें, तो एखादे दिवशीं चोरी करूनच दाखवितो, असें आपल्याकडील जाणतीं माणसें म्हणतात. तसेंच हें झालें.

या आरडाओरडींत एका धर्मोपदेशकाचें वर्तन विशेष लक्षांत ठेवण्याजोगें आहे. पूर्व लंडनमधील हॅकनी विक या गरीब वस्तींत सेंट मेरी ऑफ ईटन हें चर्च आहे. तेथें १९५९ सालीं रेव्हरंड जॉन ओट्स यांनीं तरुणांसाठीं 'फिफ्टीनाइन क्लब' काढला. लवकरच तेथील उपदेशक रेव्हरंड बिल शेरगोल्ड यांनीं रॉकर मुलांकडे लक्ष वळविलें. त्यांना स्वतःस मोटारसायकलीचा नाद होता. एस कॅफे या उपाहारगृहाजवळ हीं मुलें जमत व सभ्य लोक तें ठिकाण टाळीत. शेरगोल्ड तेथें आपल्या मोटारसायकलीवरून गेले आणि मोटारसायकलवाल्यांसाठीं योजिलेल्या उपासनेचें आमंत्रण त्यांनीं मुलांस दिलें. मुलें आलीं. जाकीट काढून, केंस कापून या, अशी अट त्यांनीं घातली नाहीं. उलट त्यांच्या गाड्यांसहि आशीर्वाद दिला. १९६२ पासून क्लबाचा मोटारसायकल विभाग सुरू झाला व हजारों मुलें त्याचे सभासद झालीं. ज्यांना न्यायाधीश ओळखत होते, पण ज्यांना नांवानें हांक मारणारें कोणी नव्हतें, त्यांना तेथें मित्र लाभले.

मुलींचीहि हकीकत दोन शब्दांत सांगितली पाहिजे. त्या काळापर्यंत मुलगी मोठी झाली कीं आईसारखा पोशाख करी. मेरी क्वांट या तरुणीनें १९५५ सालीं लंडनच्या किंग्ज रोडवर 'बझार' नांवाचें दुकान काढलें व धांवतां येईल, बस पकडतां येईल असे सुटसुटीत कपडे विकावयास आरंभ केला. पुढें आंखूड झग्यांवरून मोठा गहजब झाला. पण १९६६ मध्यें त्याच क्वांटबाईंचा सरकारनें सन्मान केला.

या सर्वांशीं आपल्या प्रांताचाहि एक खरा धागा जुळलेला आहे. ब्रिटनमधील त्या वेळचा अत्यंत लोकप्रिय गायक क्लिफ रिचर्ड हा १९४० सालीं लखनौ येथें जन्मला. त्याचें कुटुंब १९४८ मध्यें विलायतेस गेलें. त्याचीं गाणीं आमच्या पांचगणी येथील सेंट पीटर्स शाळेंतील मुलांनीं उचललीं. तेथील वसतिगृहांत झांजीबारहून आलेला फारुख बलसारा हा पारशी मुलगा राहत असे. १९५८ च्या सुमारास त्यानें मित्रांबरोबर 'हेक्टिक्स' नांवाचा ताफा काढला. तो त्यांत पियानो वाजवी. १९६४ सालीं झांजीबारांत राज्यक्रांति झाल्यावर त्याचें कुटुंब ब्रिटनमध्यें गेलें. तेथें त्यानें चित्रकलेचा अभ्यास केला, बाजारांत जुने कपडे विकले, आणि १९७० सालीं 'क्वीन' हा ताफा उभा केला. जग त्यास फ्रेडी मर्क्युरी या नांवानें ओळखतें.

त्यानंतरच्या पिढीनें आधींच्या पिढीचा धडा कांहीं अंशीं गिरविला, कांहीं अंशीं सुधारला. १९६९ च्या सुमारास मुंडण केलेले 'स्किनहेड' जमेकाच्या गाण्यांवर नाचत, आणि त्यांतलेच कित्येक हिंदी व पाकिस्तानी लोकांस रस्त्यांत मारहाण करीत. जुनीच विसंगति पुन्हां दिसली. परंतु १९७६ सालीं एका नामांकित वादकानें रंगमंचावरून परदेशांतून आलेल्या लोकांविरुद्ध उद्गार काढले, तेव्हां संगीतप्रेमी तरुणांनींच 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' ही चळवळ उभारली. ३० एप्रिल १९७८ रोजीं हजारों मुलें ट्राफल्गार चौकांतून व्हिक्टोरिया पार्कपर्यंत चालत गेलीं. तेथें फाटके कपडे व टांचण्या लावणारे 'पंक' वादक आणि कृष्णवर्णीय 'रेगे' वादक एकाच व्यासपीठावर बसले. १९७९ मध्यें कॉव्हेंट्री शहरांत 'टू टोन' ही तबकड्यांची संस्था निघाली. काळे व गोरे वादक एकाच ताफ्यांत, आणि काळ्यापांढऱ्या चौकटी हेंच त्यांचें चिन्ह. यांच्यापैकीं कित्येकांचा पोशाख टेडी मुलांच्या कोटापेक्षां शतपट विचित्र होता. पण नॉटिंग हिलच्या रस्त्यांत जें चुकलें होतें, तें दुरुस्त करण्याचा प्रयत्न त्यांनींच केला.

विद्यार्थिमित्रांनो, नवा कोट घालण्यांत पाप नाहीं व नव्या गाण्यांतहि नाहीं. पण ज्या माणसाचें गाणें तुम्हांस प्रिय आहे, त्या माणसास तुम्ही शेजारीं बसूं देतां कीं नाहीं, हें स्वतःस विचारा. शाळेंत तुमच्याहून निराळ्या जातीचा, निराळ्या भाषेचा किंवा गरीब पोशाखाचा मुलगा एकटाच डबा खात बसला असेल, तर तुमचा नवा सदरा कितीहि शोभिवंत असला तरी त्याची शोभा फुकट आहे. आणि पालकांस विनंति एवढीच कीं मुलाच्या केंसांविषयीं एक वेळ बोलावें, पण तो कोणाशीं कसा वागतो हें दहा वेळां पहावें. त्याचें गाणें आवडत नसेल तरी एखादे संध्याकाळीं त्याच्या शेजारीं बसून तें ऐकावें. शेरगोल्ड यांनीं मुलांस आपल्या दारीं बोलावण्यापूर्वीं प्रथम त्यांच्या दारीं जाऊन हांक मारली होती. घरांतल्या मुलापर्यंत जावयास तर मोटारसायकलहि लागत नाहीं.